मोह, माल्ट आणि मुरण्याचा काळ

नागपूर-हैदराबाद महामार्गाने हिंगणघाट ओलांडून दक्षिणेला निघालं की वडनेर लागतं. आणखी पुढे गेलं की वर्धा जिल्हा संपून यवतमाळ जिल्हा सुरू होतो. तिकडे दारूचं दुकान सरकारी परवान्यावर चालतं; इकडे तीच बाटली गुन्हा ठरते. गांधीजींची कर्मभूमी म्हणून वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळे इथं दारूची बातमी छापून येते ती पोलिसांच्या अंगानेच: इतका सडवा नष्ट, इतक्या भट्ट्या उद्ध्वस्त. त्या दारूला चव कशी असते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

खरं तर विदर्भाची अस्सल दारू मोहाची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पिवळसर, मांसल फुलांचा सडा पडतो. ती वेचून उन्हात वाळवतात. वाळताना ती तांबूस होतात, आणि त्यांतला गोडवा आटून घट्ट होतो. मग पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात. हाच सडवा. तो चुलीवरच्या भांड्यात तापतो, वाफ वर चढते, वरच्या भांड्यातल्या थंड पाण्यामुळे तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीतून थेंब थेंब बाहेर येतं. वरचं पाणी कोमट झालं की बदलायचं. जसजसं पाणी बदलत जावं तसतशी उतरणारी दारू सौम्य होत जाते. म्हणून पहिल्या धारेचा मान मोठा. नीट गाळलेल्या मोहाला फुलाचा गोड, काहीसा आंबूस वास असतो आणि मागून चुलीचा धूर जाणवतो. पण लपूनछपून चाललेल्या भट्टीत फुलांऐवजी काळा गूळ पडतो, नवसागर पडतो, आणि चवीबरोबर जिवाचीही शाश्वती उरत नाही.

दारूच्या चवीचा हाच प्रश्न नेटाने विचारला गेला ते पाहायला आता जपानकडे वळू. मासाताका ताकेत्सुरु हा तरुण १९१८ साली व्हिस्की शिकायला स्कॉटलंडला गेला. परतल्यावर उद्योजक शिंजिरो तोरी यांच्यासाठी त्याने क्योतोजवळ यामाझाकीला १९२३मध्ये उभारणी सुरू झालेल्या कारखान्याची घडी बसवली. १९२९ साली ‘शिरोफुदा’ ही त्यांची पहिली व्हिस्की आली. स्कॉटलंडच्या वळणाची, धुरकट. गिऱ्हाइकांना ती रुचली नाही. ताकेत्सुरुने १९३४मध्ये होक्काइदो बेटावर योइचीला स्वतःचा कारखाना काढला. त्यातूनच पुढे ‘निक्का’ कंपनी उभी राहिली. तोरींनी १९३७मध्ये ‘काकुबिन’ आणली, जपानी जिभेला मानवणारी, हलकी.

जपानी ब्लेंडेड व्हिस्कीचा स्वभाव त्या नापसंतीतून घडला. ब्लेंड म्हणजे जवाच्या माल्टपासून केलेली भारदस्त व्हिस्की आणि बहुधा मक्यापासून केलेली हलकी ग्रेन व्हिस्की यांचं मिश्रण. स्कॉटलंडमध्ये ब्लेंड करणारे एकमेकांकडून माल्ट घेतात. जपानी कंपन्यांमध्ये प्रतिस्पर्ध्याशी अशी देवाणघेवाण रूढ नव्हती. मग हवी ती विविधता घरातच निर्माण करावी लागली. एकाच कारखान्यात वेगवेगळ्या आकारांच्या तांब्याच्या भट्ट्या, वेगवेगळं यीस्ट, धुरी दिलेला आणि न दिलेला जव. पिंपंही तशीच: बूर्बनची, शेरीची, आणि जपानी ओक म्हणजे मिझुनाराची. मिझुनाराचं पिंप गळकं, बनवायला कटकटीचं. दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी लाकूड मिळेना तेव्हा ते वापरात आलं. पण त्यात वर्षानुवर्षं मुरलेल्या व्हिस्कीला चंदन आणि उदबत्तीचा वास येतो.

तोरींच्या कंपनीची, म्हणजे संतोरीची, १९८९ सालची ‘हिबिकी’ हे या कलेचं ठळक उदाहरण. तिच्याच यामाझाकी आणि हाकुशू कारखान्यांचे माल्ट, चिता कारखान्याची ग्रेन व्हिस्की. मध, संत्र्याची साल, पुसटसं चंदन. एकही चव दुसरीला दाबत नाही. गायनाच्या मैफलीत तानपुऱ्याचं जे काम, ते इथं ग्रेन व्हिस्कीचं: लक्ष वेधायचं नाही, पण बाकीच्यांना तोलून धरायचं. जपानी माणूस ही व्हिस्की पुष्कळदा जेवणाबरोबर, भरपूर पाणी किंवा सोडा घालून पितो. म्हणून पातळ केल्यावरही ती विस्कटणार नाही, याची काळजी ब्लेंडर घेतो.

नाव झालं तशी लबाडीही आली. परदेशी व्हिस्की आणून तिला जपानी म्हणून विकणं तिथल्या कायद्यात बसत होतं. शेवटी उत्पादकांच्या संघटनेने २०२१मध्ये स्वतःच नियम केले: पाणी जपानचं, गाळणं जपानात, आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षं जपानातच मुरवणं. आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत मुख्य भाग उसाच्या मळीच्या अर्काचा असतो. युरोपीय संघात अशा दारूला व्हिस्की म्हणता येत नाही.

मोह आणि हिबिकी यांतलं खरं अंतर कच्च्या मालाचं नाही, काळाचं आहे. आज गाळलेली मोहाची दारू आज रात्रीच संपवावी लागते. उद्या धाड पडेल. बारा वर्षं पिंप सांभाळायला बारा वर्षं टिकणारं छप्पर लागतं, परवाना लागतो, आणि चुकलं तर सापडेल असं नाव-गाव लागतं. मुंबई इलाख्यात १८९२च्या मोहवा कायद्याने खुद्द फुलांवरच बंधनं आली. स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला. गाळणाऱ्याने टिकवून ठेवण्याचा विचार करावा, अशी फुरसत मधे मिळालीच नाही.

अलीकडे थोडं बदललं आहे. मध्य प्रदेशाने २०२१मध्ये मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देण्याचं धोरण जाहीर केलं. आपल्या डहाणूत माल्ट व्हिस्की गाळणाऱ्या साउथ सीज डिस्टिलरीजने २०२४मध्ये ‘सिक्स ब्रदर्स माहुरा’ ही मोहाची दारू बाजारात आणली.

म्हणून वर्ध्याची बंदी उठवा, असं म्हणणं सोपं आहे आणि अपुरंही. गडचिरोलीत १९९३ साली आणि चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, रेट्यातून. पगार गुत्त्यात जिरण्याचा हिशेब त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नाही. चंद्रपूरची बंदी २०२१मध्ये उठली, तरी तो हिशेब खोटा ठरला नाही. मात्र बंदीने भट्टी संपत नाही, तिचा दर्जा संपतो, हेही तितकंच खरं. डहाणूच्या बाटलीवर मोहाचा पत्ता छापला जाईल आणि तिचं मोल शहरात वाढेल. ते मोल पहाटे फुलं वेचणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतं का, हीच या दारूची यापुढची परीक्षा आहे.