कोरोनाकाळातले लायसन्स: मुदतवाढ नेमकी कशाला होती?

कोरोनाच्या साथीत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने इतक्या वेळा मुदतवाढ दिली की, लायसन्सची तारीख उलटली तरी काही बिघडत नाही, अशी समजूत अनेकांच्या मनात घट्ट बसली. ३० मार्च २०२० चे पहिले पत्र मात्र बरेच मर्यादित होते. ज्या कागदपत्रांची मुदत १ फेब्रुवारी २०२० पासून पुढे संपली आणि टाळेबंदीमुळे ज्यांचे नूतनीकरण होऊ शकले नाही, ती ३० जूनपर्यंत वैध धरावीत, एवढेच त्यात राज्यांना कळवले होते. ज्याचे लायसन्स जानेवारीतच संपले होते, त्याला ही सवलत लागूच नव्हती. लायसन्सवरची वर्षेही वाढली नव्हती. आरटीओ बंद असताना वाहनचालकाला अडवू नये, इतकाच तिचा अर्थ होता. पुढे ही तारीख टप्प्याटप्प्याने सरकत अखेर ३१ ऑक्टोबर २०२१ वर थांबली. दर खेपेला तीन महिने, शेवटी तर एकच महिना! साथ किती लांबेल हे कोणालाच ठाऊक नव्हते, हे मान्य. पण या तुटक पत्रांमुळे जुने आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर नव्याने फिरत राहिले आणि गोंधळ वाढला, हेही खरे.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडणारा होता: लायसन्सबरोबर विम्यालाही तेवढीच सूट आहे, असा. परिवहन मंत्रालयाची पत्रे फिटनेस, परमिट, लायसन्स, नोंदणी अशा मोटार वाहन नियमांखालच्या कागदपत्रांपुरती होती. थर्ड पार्टी विम्यासाठी अर्थ मंत्रालयाची अधिसूचना वेगळी होती आणि ती फार तोकडी होती. २५ मार्च ते ३ मे २०२० या काळात नूतनीकरणाला आलेल्या पॉलिसींचे पैसे १५ मेपर्यंत भरण्याची मुभा तिने दिली. त्यानंतर विमा नेहमीसारखाच वेळेवर भरायचा होता.

या सवलतीवर एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. चाळिशीनंतर नूतनीकरणाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते लांबवणे म्हणजे रस्त्यावरचा धोका वाढवणे नव्हे काय? खासगी वाहन चालवणाऱ्यांपुरते पाहिले तर यात फारसा दम नाही. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान काढलेले लायसन्स कायद्यानेच दहा वर्षे चालते, तेव्हा दीड-पावणेदोन वर्षांच्या विलंबापेक्षा आरटीओतल्या गर्दीचा धोका मोठा होता. व्यावसायिक चालकांचे गणित वेगळे. त्यांची मुदत पाच वर्षांची, धोकादायक माल वाहणाऱ्यांची तीनच, म्हणजे तपासणीतली ही खीळ त्यांच्या बाबतीत जास्त जाणवणारी. पण धान्याचे ट्रक आणि ऑक्सिजनचे टँकर हेच लोक चालवत होते. कागदापायी त्यांना घरी बसवणे परवडणारे नव्हते. त्यांच्यासाठी निदान डोळ्यांच्या तपासणीची वेगळी सोय करता आली असती, असे मला वाटते.

आजही ‘तीस दिवसांची सवलत असतेच’ असे ठामपणे सांगणारे भेटतात. ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली, म्हणजे साथीच्या आधीच. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपल्यावरही वर्षभर चाचणीविना नूतनीकरण होते, पण त्या काळात गाडी चालवण्याची मुभा नसते. वर्ष उलटले की वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते.