प्रेस उलटी का बसवतात? घरी ओतलेल्या शिशाच्या गोळीमागचं 'एक थाऊ'चं गणित

अमेरिकेत एखाद्या गॅरेजमध्ये डोकावलात तर कधीकधी एक चमत्कारिक दृश्य दिसतं. जाड लाकडी टेबल, त्यावर बोल्टने आवळलेली एक लोखंडी हातप्रेस आणि ती चक्क उलटी. दांडा वरून खाली येतो, प्रत्येक दाबाला खालच्या डब्यात 'टक्' आवाज होतो आणि शिशाची एक गोळी पडते. मालक शेजारी मायक्रोमीटर घेऊन बसलेला असतो. दहा-वीस गोळ्या झाल्या की एक उचलून मोजतो.

हा कुठला बेकायदा कारखाना नाही. बंदुकीच्या गोळ्या घरी ओतणं हा अमेरिकेत शेकडो वर्षं जुना आणि कायदेशीर छंद आहे. स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या बनवायला तिथे केंद्रीय परवाना लागत नाही, विकायच्या असतील तर मात्र लागतो. प्रश्न असा की साच्यातून निघालेली गोळी पुन्हा प्रेसमधून का काढायची? आणि प्रेस उलटी का?

आधी एक शब्द नीट करून घेऊ

आपण मराठीत 'गोळी' हा शब्द सगळ्यासाठीच वापरतो. पण बंदुकीत भरतात ते काडतूस. त्यात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी (बातम्यांमध्ये 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं आपण वाचतो, तीच), तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी कॅप, आत दारू आणि पुढे बसवलेली गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. या लेखात गोळी म्हणजे तेवढा शेवटचा तुकडा.

बाजारातल्या बहुतेक गोळ्यांवर तांब्याचं आवरण असतं. घरी ओतलेली गोळी मात्र शिशाची, म्हणजे खरं तर शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाची असते. नुसतं शिसं फार मऊ असतं. अँटिमनीने ते कडक होतं आणि कथिलामुळे साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट उतरतं. या छंदातलं एक गाजलेलं मिश्रण म्हणजे 'लायमन नंबर २': ९० टक्के शिसं, ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी.

हा माल यायचा कुठून? बराचसा भंगारातून. गाडीच्या चाकाचं बॅलन्सिंग करताना रिमला ठोकतात ती वजनं पूर्वी सर्रास शिशाची असायची. दुसरा स्रोत छापखान्यांचा. लायनोटाइप मशीनच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असायचं. छापखाने ऑफसेटवर गेले आणि अमेरिकेतल्या कित्येक वर्तमानपत्रांचा धातू वितळून गोळ्यांत गेला. बातम्या छापणारं शिसं असं दुसऱ्याच कामाला लागलं, हे पत्रकार म्हणून वाचताना जरा विचित्रच वाटतं.

गोळी नळीपेक्षा मोठी का लागते?

इथे खरी गंमत आहे. कुणालाही वाटेल की गोळी नळीपेक्षा किंचित लहान असावी, म्हणजे सटकन निघेल. आधुनिक बंदुकीत नेमकं उलट असतं.

नळीच्या आत पिळदार खाचा असतात. गोळी त्यांच्यात रुतते, स्वतःभोवती फिरू लागते आणि त्या फिरण्यामुळे सरळ जाते. भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, तसंच. पण रुतण्यासाठी तिने खाचा पूर्ण भरायला हव्यात. कारण मागे जळणाऱ्या दारूचा वायू प्रचंड दाबाने ढकलत असतो. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलात हा दाब ३५,००० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. आपल्या कारच्या टायरमध्ये ३२-३३ पीएसआय हवा असते, म्हणजे तिच्या हजारपट.

गोळी आणि नळी यांत फट राहिली तर हा तापलेला वायू तिथून पुढे निसटतो आणि जाताना शिशाची कड अक्षरशः कापून नेतो. ते शिसं नळीच्या आत चिकटतं. पुढच्या गोळीला खाचा नीट मिळत नाहीत, ती डगमगत जाते आणि कागदी निशाण्यावर गोल भोकाऐवजी आडवी चीर पडते. आणि गोळी जास्तच मोठी असेल तर काडतूस बंदुकीच्या घरात बसतच नाही.

म्हणून ठोकताळा असा की शिशाची गोळी खाचांच्या व्यासापेक्षा इंचाचा एक किंवा दोन हजारांश मोठी ठेवायची. मशीन शॉपच्या भाषेत एक-दोन 'थाऊ'. आवरणवाली ९ मिलिमीटरची गोळी ०.३५५ इंचाची, तर शिशाची ०.३५६. 'थर्टी एट स्पेशल'ची आवरणवाली ०.३५७ आणि शिशाची ०.३५८. एक थाऊ म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. आपल्या डोक्याचा केस याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो.

साच्यातून गोळी इतकी अचूक निघत नाही. साचा किती तापलाय, मिश्रणात अँटिमनी किती आहे, साच्याचे दोन अर्धे नीट मिटले का, यावर व्यास बदलतो. म्हणून ती मुद्दाम थोडी मोठी ओततात आणि नेमक्या व्यासाच्या गुळगुळीत पोलादी भोकातून दाबून काढतात. हेच सायझिंग.

हेच कोडं १८५७ मध्येही होतं

गोळीचा व्यास आणि तिला लावायची चरबी. हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला आठवतं ते एकच.

एनफिल्ड रायफल तोंडाकडून भरायची होती. गोळी नळीतून खाली ठासायची, म्हणजे ती नळीपेक्षा लहानच हवी. पण लहान असेल तर वायू निसटणार. क्लोद मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात यावर तोडगा काढला. गोळीचं बूड पोकळ ठेवायचं, म्हणजे दारू पेटली की दाबाने ते फुलतं आणि खाचा भरतं. एनफिल्डच्या गोळीचं तत्त्व हेच. नळी ०.५७७ इंचाची, गोळी ०.५६८ ची. मधली नऊ थाऊची फट भरायला गोळीभोवतीचा कागद आणि त्यावरची चरबी. जळक्या दारूची काजळी मऊ ठेवणं आणि गोळी सहज ठासली जाणं, हे त्या चरबीचं काम.

काडतुसाचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटं करून चरबीचं टोक नळीच्या तोंडात घालायचं, अशी कवायत होती. ती चरबी गाय आणि डुकराची असल्याची बातमी जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडममधून पसरली. शिपायांनी स्वतःच्या पसंतीचं वंगण लावावं, अशी मुभा सरकारने त्याच महिन्यात दिली. पण तोवर संशय काडतुसाच्या चकचकीत कागदावरही जाऊन बसला होता. पुढचं आपल्याला माहीत आहे. उठावाची कारणं अर्थातच याहून कितीतरी खोल होती. पण ठिणगी पडली ती नऊ थाऊची फट भरण्याच्या सोयीवर, हे शाळेच्या पुस्तकात कुणी सांगत नाही. वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांची हकिगत येते. पुढे एनफिल्डची गोळी आणखी लहान, ०.५५ इंचाची करण्यात आली.

आजच्या छंदातही वंगण आहेच. मधमाश्यांचं मेण आणि 'अॅलॉक्स' नावाचं गंजरोधक यांचं समसमान मिश्रण हे त्यातलं जुनं, नावाजलेलं. हल्ली बरेच जण लोखंडी कपाटांना देतात तसं पावडर कोटिंग गोळीला देऊन ओव्हनमध्ये भाजतात. त्या थराने व्यास पुन्हा वाढतो. म्हणजे सायझिंग पुन्हा आलंच.

आता प्रेस उलटी का, ते

नेहमीच्या प्रेसमध्ये हँडल खाली ओढलं की खालचा दांडा वर जातो. सायझिंग करताना दांड्यावर छोटा पंच बसवतात आणि वर डाय आवळतात. या डायचे आटे ठरलेले असतात, व्यास ७/८ इंच आणि इंचाला १४. त्यामुळे एका कंपनीची डाय दुसरीच्या प्रेसमध्ये चालते. गोळी पंचावर उभी करायची, हँडल ओढायचं, गोळी नाकाकडून डायमध्ये शिरते आणि पुढची गोळी तिला आणखी वर ढकलते. शेवटी ती वरच्या डब्यात जाते.

पाच-पन्नास गोळ्यांना हे ठीक. पण पाचशे करायच्या असतील तर? करंगळीच्या नखाएवढ्या पंचावर प्रत्येक गोळी तोल सांभाळून उभी करायची. ती कलंडते, वाकडी शिरते, कड खरवडली जाते. वरचा डबा भरला की उघडून रिकामा करायचा. सगळा माल गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चाललेला.

प्रेस उलटी केली की डायचं तोंड वर येतं आणि पंच वरून उतरतो. गोळी नाकाकडून डायच्या तोंडात टेकवायची. भोक तिला स्वतःच सरळ धरतं. दाब दिला की ती पार होऊन खालच्या डब्यात पडते. टेबलाला भोक पाडून खाली बादली ठेवली की डबा रिकामा करण्याची कटकटच नाही. अमेरिकेतलं जुनं 'स्टार' सायझर हे यंत्र मुळातच अशा वरून खाली पद्धतीचं होतं. ते महाग, म्हणून साध्या प्रेसचा जुगाड.

जुगाड म्हटल्यावर त्याचे त्रासही आले. उलट्या प्रेसचं हँडल ओढण्याऐवजी वर उचलावं लागतं आणि उचलताना अंगाचं वजन कामी येत नाही. म्हणून काही जण हँडलच वेगळ्या कोनात बसवून घेतात. टेबलावरचा ताणही उलट दिशेने येतो. सरळ प्रेसला पुरणारे लाकडी स्क्रू इथे उपटून येतात, त्यामुळे फळीच्या आरपार बोल्ट आणि खाली वॉशर लागतात. पंच आणि डाय एका रेषेत नसतील तर गोळीचं बूड तिरकं दाबलं जातं. आणि गोळीला बूड सर्वांत महत्त्वाचं, कारण नळीतून बाहेर पडताना वायूचा शेवटचा धक्का तिथेच बसतो. बोटांचं तर सांगायलाच नको. गोळी ठेवणारा हात इथे उतरणाऱ्या पंचाच्या बरोबर खाली असतो.

प्रेस सरळ असो वा उलटी, डायमधून काढल्यावर मोजायचं ते असतंच. कडक मिश्रणाची गोळी डायमधून सुटल्यावर किंचित फुगते, मऊ तितकी फुगत नाही. ०.३५८ कोरलेल्या डायमधून प्रत्येक वेळी ०.३५८ च निघेल, असं नाही.

आणि शिशाचं काय?

या छंदातला सगळ्यात गंभीर भाग बंदुकीचा नाही, धुळीचा आहे. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, उकळतं मात्र १,७४९ अंशांना. त्यामुळे ओतताना निघणारी वाफ हा मुख्य धोका नसतो. धोका असतो तो वितळलेल्या शिशावर जमणाऱ्या राखाडी मळीचा, हाताला लागणाऱ्या शिशाचा आणि त्याच हाताने खाल्लेल्या सँडविचचा. कपड्यांवरून, बुटांवरून ही धूळ घरात जाते आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात पोचते. शरीर शिशाला कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. तिथे ते वर्षानुवर्षं राहतं.

अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाची दखलपात्र पातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून जाणकार गॅरेजचे कपडे वेगळे ठेवतात, भांडी स्वयंपाकघरात परत आणत नाहीत, केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसतात आणि स्वतःच्या रक्ताची तपासणी करून घेतात. दुसरा नियम पाण्याचा. वितळलेल्या शिशात ओला तुकडा पडला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि भांड्यातलं शिसं बाहेर उडतं.

शिकारीत वापरलेलं शिसं पक्ष्यांच्याही पोटात जातं. कॅलिफोर्नियातली काँडर गिधाडं शिशाच्या कणांनी विषबाधा होऊन मरत होती. १९८७ मध्ये शेवटचा मोकळा काँडर पकडला, तेव्हा जगात एकूण २७ उरले होते. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे.

आपल्याकडे हे चालतं का?

नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. आणि या कायद्याच्या व्याख्येत 'दारूगोळा' म्हणजे फक्त तयार काडतूस नाही. त्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही त्यात येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. तुमच्याकडे बंदुकीचा परवाना असला तरी तो बंदूक बाळगण्याचा आहे, गोळ्या ओतण्याचा नाही. त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून डाय मागवायचा विचार कुणी करत असेल, तर इथेच थांबलेलं बरं. आपल्याकडे हे काम खडकी आणि वरणगावसारख्या सरकारी कारखान्यांत होतं.

थाऊचं गणित मात्र इथल्या नेमबाजांनाही चुकलेलं नाही. दहा मीटर एअर रायफलचे छर्रे ४.५ मिलिमीटरचे म्हणून ओळखले जातात. पण स्पर्धेच्या दर्जाच्या छर्‍यांच्या डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे वेगवेगळे आकडे छापलेले असतात. नेमबाज रायफल शिकंजात पकडून एकेका डब्यातले छर्रे झाडून बघतात आणि ज्याची भोकं एकमेकांत सर्वांत घट्ट पडतात, त्याच लॉटचे आणखी डबे घेऊन ठेवतात.