श्वार्त्झ गुरुजींचं तंजावर

कुंभकोणमहून तंजावरकडे निघालेली पॅसेंजर दारासुरम, स्वामीमलै, सुंदरपेरुमाळ कोयिल, पापनाशम अशी एकेक स्टेशनं घेत जाते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, केळीच्या बागा आणि कावेरीचं पाणी वाहून नेणारे कालवे. सुंदरपेरुमाळ कोयिल हे विष्णूच्या देवळावरून नाव पडलेलं छोटं गाव आहे. एक्स्प्रेसमधल्या प्रवाशाला ते नजरेला पडेपर्यंत मागे गेलेलं असतं. पण मराठी माणसाने या टापूतून जाताना जरा जागं राहावं. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले तंजावरच्या गादीवर बसले आणि पुढची पावणेदोनशे वर्षं हा सगळा मुलूख मराठी राज्यात होता. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचं दिवाणपद भूषवणारे सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणममध्येच जन्मले, तेही इथल्या मराठी घराण्यात. कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूर इथे गादी गेलेले अमरसिंहराजे शेवटची वर्षं राहिले. या अमरसिंहांची गोष्ट पुढे येणारच आहे.

याच मुलखात अठराव्या शतकात आणखी एका प्रकारची माणसं पायी हिंडत होती. कावेरीच्या मुखाजवळ, समुद्रकाठी तरंगंबाडी नावाचं डॅनिश लोकांचं ठाणं होतं. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने त्यांना ती जागा दिली. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग हा तरुण जर्मन पाद्री तिथे उतरला. वर्षभरात त्याने शाळा काढली, मुलींनाही त्यात बसवलं. १७१३ पर्यंत छापखाना सुरू झाला आणि पुढच्या वर्षी तमिळ भाषेतला नवा करार त्यावर छापायला घेतला गेला. १७१६ साली शिक्षक आणि धर्मोपदेशक तयार करणारी पाठशाळा उघडली. पैसे आणि राजाश्रय डेन्मार्कचा होता, तर माणसं जर्मनीतल्या हाले गावची. तिथे १६९४ साली विद्यापीठ स्थापन झालेलं होतं आणि त्याच विद्यापीठातले प्राध्यापक आउगुस्ट हेरमान फ्रांके यांनी अनाथाश्रम, शाळा, औषधालय आणि छापखाना यांचं एक गावच वसवलं होतं.

या हालेकरांची एक सवय इतिहासाच्या फार उपयोगी पडली. तरंगंबाडी आणि तंजावरहून येणारी पत्रं आणि रोजनिशा ते नियमाने छापत. १७१० पासून निघालेले हे ‘हाले अहवाल’ नाव बदलून थेट १८४८ पर्यंत चालू राहिले. कोणता शिक्षक कधी रुजू झाला, कोण तापाने गेला, शाळेत मुलं किती, कोणत्या गावी कोणाशी काय बोलणं झालं, हे सगळं त्यात आहे. देणगीदारांसाठी छापलेली ही संस्थेची वार्तापत्रं. आज आपल्या कॉलेजांत बढत्या, निवृत्त्या आणि स्नेहसंमेलनांच्या बातम्या देणारी पत्रकं निघतात, त्यांचंच हे जुनं रूप. त्यातून एरवी कुठेही नोंद न झालेली इथली माणसंही कळतात. १७३३च्या डिसेंबरात दीक्षा मिळालेला आरोन हा पहिला भारतीय लुथरन पाद्री, मूळ कडलूरचा. मायावरमच्या बाजूची खेडी तो १७४५ मध्ये मरेपर्यंत पायाखाली घालत होता. राजनायक्कन हा तंजावरच्या फौजेतला शिपाई, त्याने आपल्याच मुलखात ख्रिस्ती मंडळी उभी केली. कोलहोफ बाप-लेक तर असे की बाप १७३७ साली आला, मुलगा तरंगंबाडीतच जन्मला आणि १८४४ मध्ये तंजावरला वारला. एका घराण्याने एका संस्थेत शंभर वर्षांहून जास्त नोकरी केली.

या सगळ्यांत मराठी वाचकाने ओळख करून घ्यावी असा माणूस म्हणजे क्रिस्टियान फ्रिडरिख श्वार्त्झ. जन्म १७२६चा, शिक्षण हालेचं. १७५० मध्ये तो तरंगंबाडीला उतरला तो परत मायदेशी गेलाच नाही. त्याने लग्नही केलं नाही. तमिळ तर तो शिकलाच, पण पोर्तुगीज, फारसी आणि तंजावरच्या दरबारात बोलता यावं म्हणून मराठीही शिकला. आधी त्रिचनापल्ली आणि १७७८ पासून कायमचं तंजावर असा त्याचा मुक्काम. त्याच्या शब्दाला किती वजन होतं याच्या दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. १७७९ साली इंग्रजांचा निरोप घेऊन तो श्रीरंगपट्टणला गेला, कारण खुद्द हैदरअलीने कळवलं होतं की हा माणूस आपल्याला फसवणार नाही, त्यालाच पाठवा. दुसरी गोष्ट मला अधिक मोठी वाटते. हैदरच्या स्वाऱ्यांमुळे मुलूख ओसाड पडला आणि तंजावरच्या किल्ल्यात धान्य संपलं. बाहेरच्या शेतकऱ्यांकडे धान्य होतं, बैल होते, पण सरकारने याआधी त्यांना पैसे बुडवून फसवलं होतं, म्हणून कोणी पुढे येईना. श्वार्त्झने स्वतः जामीन राहून शब्द दिला आणि दोन दिवसांत हजाराहून जास्त बैल धान्यासाठी जमले. राजाच्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या शब्दावर न हललेला शेतकरी एका शाळामास्तराच्या शब्दावर हलला.

त्याच्याभोवतीच्या मराठी माणसांत एक बाई आहे, जिचं नाव महाराष्ट्रात फारसं कोणी घेत नाही. तंजावरच्या मराठी ब्राह्मण घरातली ही विधवा एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर राहू लागली. लग्नाशिवायच्या त्या सहवासामुळे श्वार्त्झने आधी तिला बाप्तिस्मा नाकारला. तो अधिकारी वारल्यावर, १७७८ मध्ये पाळैयंकोट्टै इथे तिला बाप्तिस्मा मिळाला आणि क्लॅरिंडा हे नाव मिळालं. तिने तिथे मंडळी जमवली, शिक्षणाचं काम उभं केलं आणि १७८५ मध्ये चर्च बांधून घेतलं. स्थानिक लोक त्याला आजही ब्राह्मणबाईंचं देऊळ म्हणतात. समाजाने एकदा टाकलेली आणि पाद्र्यानेही दाराशी थांबवलेली ही बाई त्या गावाच्या ख्रिस्ती इतिहासाच्या पहिल्याच पानावर आहे. मराठी स्त्रियांच्या इतिहासातही तिला जागा असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता तंजावरला उतरू. बृहदीश्वराच्या देवळाला लागूनच शिवगंगा तलाव आणि बाग आहे. त्या आवारात एक साधं, पांढरं चर्च उभं आहे. त्याला श्वार्त्झ चर्च म्हणतात. श्वार्त्झचे शिष्य सरफोजीराजे यांनी गुरूच्या प्रेमापोटी ते बांधलं असं पर्यटकांना सर्रास सांगितलं जातं. पण इमारत १७७९ची आहे आणि सरफोजींचा जन्म सप्टेंबर १७७७चा, म्हणजे त्या वेळी ते दोन वर्षांचे होते. गादीवर तेव्हा तुळजाराजे होते. सरफोजींनी या चर्चला दिलं ते वेगळंच आहे आणि ते आत गेल्यावर दिसतं.

तुळजाराजांना मागे वारस उरला नाही. १७८७ साली, मृत्यूच्या काही दिवस आधी, त्यांनी भोसले कुळातल्या नऊ-दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि मुलाचा हात श्वार्त्झच्या हाती देऊ केला. श्वार्त्झने सांगितलं की एकट्या पाद्र्याला राजपुत्राचं रक्षण जमणार नाही, राजाच्या भावाने, म्हणजे अमरसिंहांनी सांभाळावं. हा सल्ला मुलाला महागात पडला. पंडितांकडून दत्तकविधानाविरुद्ध मत घेऊन कंपनीने अमरसिंहांना राजा केलं आणि मुलगा जवळजवळ कैदेत पडला. उजेड नाही, शिक्षण नाही. श्वार्त्झने मद्रासला पत्रांवर पत्रं लिहिली. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवण्यात आलं आणि तिथे गेरिके या दुसऱ्या हालेकर पाद्र्याच्या देखरेखीखाली त्यांचं शिक्षण झालं. पुढे पंडितांचा कौलही फिरला. जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. श्वार्त्झ त्याआधीच, १३ फेब्रुवारीला गेला होता.

या हकिकतीची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. श्वार्त्झ कंपनीच्या जवळचा माणूस होता, कंपनीचं वेतनही त्याने घेतलं होतं. त्याच्या शिष्याला गादी मिळाली ती कंपनीच्या मर्जीने. ऑक्टोबर १७९९च्या तहात कंपनीने तिची किंमत वसूल केली आणि राज्याचा कारभार काढून घेऊन राजाकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा परिसर ठेवला. बावीस वर्षांच्या सरफोजींच्या हाती राज्य नव्हतं, तैनात होती आणि मोकळा वेळ होता. त्या वेळेचं त्यांनी जे केलं ते पाहिलं की मी थक्क होतो.

१८०१ साली त्यांनी लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेला पत्र लिहिलं आणि आपल्या गुरूचं संगमरवरी स्मारक करून पाठवण्याची विनंती केली. काम जॉन फ्लॅक्समन या नामवंत शिल्पकाराकडे गेलं. तेच शिल्प या चर्चमध्ये भिंतीवर आहे. अंथरुणाला खिळलेला म्हातारा पाद्री, त्याचा हात हाती घेतलेला मराठी राजा, मागे गेरिके, जवळ राजाची माणसं आणि शाळेतली तीन मुलं. राजा आणि राजगुरू यांची चित्रं आपण पुष्कळ पाहतो. इथे गुरूच्या मृत्युशय्येशी त्याचे विद्यार्थी आहेत आणि राजा त्यांच्यातलाच एक होऊन उभा आहे. श्वार्त्झला पुरलं ते तंजावरच्याच सेंट पीटर चर्चमध्ये. तिथल्या दगडावर सरफोजींनी स्वतः रचलेली इंग्रजी कविता कोरलेली आहे. अनाथांचा बाप आणि विधवांचा आधार म्हणून तिच्यात गुरूला आठवलं आहे. आणि हे करणारा राजा अखेरपर्यंत शिवभक्त हिंदूच राहिला, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेणारा, काशीयात्रा करणारा.

श्वार्त्झच्या शाळांचा नियमही याला धरूनच होता. कंपनीचे रेसिडेंट जॉन सलिव्हन यांच्या पुढाकाराने १७८५च्या सुमारास तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगै इथे इंग्रजी शाळा निघाल्या. कंपनीने प्रत्येकीला दरसाल अडीचशे पॅगोडा मंजूर केले. मेकॉलेच्या टिपणाच्या पन्नास वर्षं आधी ब्राह्मणांची आणि दरबारी घराण्यांतली मुलं इथे इंग्रजी, तमिळ आणि हिशेब शिकत होती. फसवून कोणाला धर्मांतर करायला लावायचं नाही, हे श्वार्त्झने उघडपणे सांगितलं होतं.

सरफोजींच्या बरोबरीने शिकलेला एक मुलगा म्हणजे वेदनायगम शास्त्री. तमिळ ख्रिस्ती कवी म्हणून तो पुढे विख्यात झाला आणि सरफोजींच्या दरबारातही त्याला मान होता. ‘बेथलेहेम कुरवंजी’ हे त्याचं काव्य तमिळ ख्रिस्ती घरांत सर्वांना परिचित आहे.

शिष्याने गुरूची शाळा आपल्या पद्धतीने वाढवली. तंजावरच्या राजांची छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेली अन्नछत्रं, रामेश्वरच्या वाटेवर जागोजाग होती. कंपनीने ती बंद करू नयेत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला लिहिलेलं पत्र मुळातून वाचावं असं आहे. छत्रात चारही वेदांचे शिक्षक असतात, पंतोजी असतो, रोगांवर आणि सर्पदंशावर इलाज करणारे वैद्य असतात, आई-बाप नसलेल्या मुलांना सांभाळून शिकवलं जातं, आजारी वाटसरू बरा होईपर्यंत त्याला जेवण आणि औषध मिळतं. त्यांनी ओरत्तनाड इथे मुक्तांबाळ छत्र उभारलं, तिथेही शाळा चालली. १८०५ मध्ये देवनागरी छापखाना आणला आणि पुढच्याच वर्षी इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर, ‘बालबोध मुक्तावली’, त्यावर छापलं. मुंबई-पुण्यात अजून मराठी पुस्तक छापलं जायचं होतं, तेव्हा तंजावरच्या मुलांसाठी ते तयार होतं. १८०७ मध्ये कन्नंदगुडी इथे पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या जेवणाची आणि शिक्षणाची सोय त्यांनी केली. तरंगंबाडीचे क्रिस्टोफ जॉन हे पाद्री शंखशिंपले आणि वनस्पतींचे जाणकार, त्यांच्याशी राजांचा ज्ञानाचा व्यवहार चालू असे. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी स्वतः विकत घेतलेली हजारो युरोपीय पुस्तकं आहेत, त्यांपैकी कित्येकांवर त्यांची सही आहे.

१८२६च्या ईस्टरला कलकत्त्याचे बिशप हीबर तंजावरला आले. राजांच्या व्यासंगाने ते भारावले आणि युवराज शिवाजींना शिक्षणासाठी आपल्याबरोबर नेण्याची तयारी त्यांनी दाखवली. राणीसाहेबांनी मुलाला दूर धाडायला नकार दिला. आठवडाभरात, ३ एप्रिलला, बिशप त्रिचनापल्लीत वारले. त्यांच्या नावाचं कॉलेज त्या शहरात आज उभं आहे.

तंजावरला जाणाऱ्यांनी बृहदीश्वरासाठी अर्धा दिवस राखलेला असतोच. दिवसाच्या दुसऱ्या अर्ध्यात तासभर श्वार्त्झ चर्चला, तासभर सेंट पीटरला आणि उरलेला वेळ सरस्वती महालाच्या संग्रहालयाला द्यावा. कुंभकोणममध्ये मुक्काम असेल तर पॅसेंजरनेच यावं. आणि एक विनंती. सरस्वती महालात मोडी कागदांचे असंख्य रुमाल आहेत, बरेच कागद तंजावरच्या तमिळ विद्यापीठात अभ्यासले जातात. छत्रांचे जमाखर्च आणि दरबाराचा रोजचा व्यवहार या कागदांत मराठीत लिहिलेला आहे. जर्मन बाजूची कागदपत्रं हालेच्या संग्रहात जपलेली आहेत आणि तिथले अभ्यासक ती वाचतात. आपल्याकडे मोडीचे वर्ग गावोगाव चालतात, परीक्षाही होतात. ते शिकलेल्या तरुणांनी सुट्टीत एकदा तंजावरला जाऊन हे रुमाल सोडावेत. ग्रंथपालांना आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी लागते, तेवढी तयारी करून जावं.