हप्ते भरून झाले, पुढे काय? अमेरिकेतल्या भगिनी संघांची ओळख

गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते आले, वही लिहून झाली, की बऱ्याच जणी पदर सावरून उठतात. "झालं ना ताई काम? जाऊ का?" असं विचारतात. घरी स्वयंपाक, गुरं, लेकरं असतात, म्हणून घाई असते. पण आज ज्या बायकांची माहिती मी सांगणार आहे, त्यांचं खरं काम वर्गणी जमा झाल्यावर सुरू होतं.

या बायका अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजातल्या आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेले गेले. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेत या लोकांना गुलामीतून सोडवणाऱ्यांना अर्पण केली होती. म्हणजे त्यांच्या दुःखाची खबर आपल्याकडे तेव्हापासून आहे. गुलामी कायद्यानं १८६५ मध्ये संपली, पण भेदभाव संपला नाही. शाळा वेगळी, दवाखाना वेगळा, रेल्वेचा डबाही वेगळा.

अशा काळात वॉशिंग्टन शहरातल्या हॉवर्ड विद्यापीठात थोड्या मुली शिकत होत्या. १९०८ मध्ये त्यांनी एक संघ काढला, त्याचं नाव अल्फा काप्पा अल्फा. ही ग्रीक अक्षरांची नावं आहेत. अशा संघाला तिकडे सोरोरिटी म्हणतात. लॅटिन भाषेत 'सोरोर' म्हणजे बहीण, म्हणून आपण त्याला भगिनी संघ म्हणू. पुढे हॉवर्डमध्येच १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा आणि १९२० मध्ये झीटा फाय बीटा हे संघ निघाले. १९२२ मध्ये इंडियानापोलिस शहरात सात शिक्षिकांनी सिग्मा गॅमा ऱ्हो सुरू केला.

यांची रचना आपल्याला ओळखीची वाटेल. गावोगाव, शहरोशहरी शाखा असतात. शाखेत अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि कामाच्या समित्या असतात. प्रत्येक जण वर्षाची वर्गणी भरते. कॉलेज संपलं म्हणून नातं तुटत नाही. नोकरी-संसारातल्या बायकांच्या वेगळ्या शाखा असतात आणि सभासदत्व जन्मभराचं असतं.

डेल्टा संघाची सुरुवात ऐका. संघ काढला २२ मुलींनी, १३ जानेवारीला. लगेच ३ मार्चला वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या मताच्या हक्कासाठी मोठा मोर्चा निघाला आणि या मुली त्यात गेल्या. कृष्णवर्णीय बायकांनी मागच्या रांगेत चालावं, असं मोर्चाच्या आयोजकांपैकी काहींचं म्हणणं होतं. तरीही त्या गेल्या. त्यांचं पहिलं जाहीर काम तेच.

आता सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट सांगते, ती अल्फा काप्पा अल्फाची. आयडा जॅक्सन ही कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडची शिक्षिका, जन्म मिसिसिपी राज्यातला. ती संघाची अध्यक्ष होती. १९३४ मध्ये तिच्या पुढाकारानं मिसिसिपीच्या होम्स जिल्ह्यात गावातल्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरवला. तिथे गेल्यावर कळलं, की शिकवण्याआधी आजारांचं काहीतरी केलं पाहिजे. लोक मालकाच्या कापसाच्या शेतात राबत होते, पुरेसं खायला नव्हतं, डॉक्टर परवडत नव्हता. मग संघानं आपला बेत बदलला आणि १९३५ च्या उन्हाळ्यात आरोग्य मोहीम सुरू केली. डोरोथी फेरेबी नावाच्या डॉक्टरबाई प्रमुख होत्या. सोबत नर्स, शिक्षिका, समाजसेविका, सगळ्या स्वयंसेवक.

रेल्वेनं जाण्यात वर्णभेदाच्या अडचणी, म्हणून त्या आपल्या मोटारी घेऊन दूरवरून गेल्या. ठरावीक ठिकाणी दवाखाने भरवायचे, असं ठरलं होतं. पण मालकांना संशय आला आणि ते मजुरांना शेत सोडून जाऊ देईनात. आपण काय म्हटलं असतं? "आम्ही आलो होतो, लोकच आले नाहीत." त्यांनी तसं म्हटलं नाही. दवाखानाच मोटारीत भरला आणि शेतावर नेला. झाडाखाली, झोपडीसमोर लेकरांना देवी आणि घटसर्पाच्या लसी दिल्या. काय खावं, दात कसे घासावे, हिवताप कसा टाळावा, हे समजावलं. मालकाची माणसं जवळ उभी राहून ऐकत असत, तरी काम चालू राहिलं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दर उन्हाळ्यात ही मोहीम चालली.

झीटा फाय बीटाचं कामही बघा. १९७२ पासून हा संघ मार्च ऑफ डाइम्स या संस्थेबरोबर गरोदर बायकांसाठी 'स्टॉर्क्स नेस्ट' म्हणजे करकोच्याचं घरटं चालवतो. बाई तपासणीला गेली, वर्गाला बसली, की तिला गुण मिळतात. त्या गुणांवर ती बाळाचे कपडे, सामान घेऊ शकते. फुकट वाटलं असतं तर सामान गेलं असतं, तपासणी राहिली असती. इथे दोन्ही होतं आणि बाईला हात पसरावा लागत नाही.

डेल्टा संघानं आपलं काम पाच भागांत बांधलं आहे: आर्थिक विकास, शिक्षण, शरीर आणि मनाचं आरोग्य, राजकीय जाणीव, आणि जगाची ओळख. आता आपली दशसूत्री आठवा. पहिली पाच सूत्रं बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. ती आपल्याला पाठ आहेत. पुढची पाच म्हणजे आरोग्य, शिक्षण, पंचायतीत सहभाग, शासकीय योजना आणि शाश्वत उपजीविका. किती साम्य आहे बघा. पण खरं सांगा, पुढच्या पाचांवर आपल्या बैठकीत किती वेळ जातो?

सेवा करता करता सभासदही घडते, हे या शाखांचं दुसरं अंग. नवी मुलगी आधी समितीत काम करते, हिशेब मांडते, सभेत उभी राहून बोलते. मग तिच्याकडे पद येतं. डेल्टाच्या शाखा ११ ते १४ आणि १४ ते १८ वर्षांच्या मुलींसाठी वेगवेगळे वर्ग घेतात, म्हणजे पुढची पिढी आधीच तयार होते. पैशाचा विचारही सुटलेला नाही. २०२३ मध्ये अल्फा काप्पा अल्फाच्या सभासदांच्या पतसंस्थेला सरकारी परवाना मिळाला. आपण बचतीतून सेवेकडे जातो, त्या सेवेतून बचतीकडे आल्या.

उणी बाजूही सांगायला हवी. इथे कॉलेज शिकलेल्यांनाच प्रवेश, त्यामुळे 'हे शिकलेल्या बायकांचं मंडळ' अशी टीका होते. नव्या मुलींना त्रास देऊन पारखण्याची वाईट रीतही शिरली होती. १९९० मध्ये सगळ्या संघांनी मिळून प्रवेशाची ती जुनी पद्धत बंद केली, तरी अधूनमधून तक्रारी येतात. आपल्या गटात अंगठा देणारी आणि बीए झालेली एकाच सतरंजीवर बसतात. ही आपली जमेची बाजू, ती जपू या.

पुढच्या बैठकीत वही मिटल्यावर अर्धा तास थांबा. पुढच्या पाचांतलं एकच सूत्र निवडा. लसीकरणाला न आलेली लेकरं कोणती, तपासणी चुकलेली गरोदर सून कोणाची, ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या म्हातारीचं कोण बघतं, ते विचारा. त्या का येत नाहीत हे कळलं, की कोण त्यांच्या दारी जाणार, तिचं नाव ठरावाच्या वहीत लिहा. यावेळी ते नाव अध्यक्ष-सचिवांचं नको, आजवर बैठकीत न बोललेल्या एखादीचं असू द्या. तिच्यासोबत एक अनुभवी बाई द्या, आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते तिलाच सांगू द्या.