पानावरची पिठी कोणाची?

लखनौला गेलात, तर तिथल्या फुलबाजारात जरूर डोकवा. गुलाब, झेंडू, मोगरा... हारच हार! पण आज आपल्याला हार नकोय, हवंय गुलाबाचं आजारी पान. ते बाजारात कोण ठेवणार? त्यासाठी बागेतच जायला हवं.

थंडीत गुलाबाच्या कोवळ्या पानांवर कधीकधी पांढरी पिठी धरते. पानं आकसतात, कळ्या नीट उमलत नाहीत. ही भुरी! आणि ही पिठी चक्क जिवंत आहे बरं का. ती आहे एक बुरशी, नाव पोडोस्फेरा पॅनोसा.

मग होऊन जाऊ दे सामना, गुलाब विरुद्ध भुरी!

जेवण? गुलाब ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन स्वतःची साखर बनवतो. भुरीकडे हरितद्रव्यच नाही, मग स्वयंपाक कसला! शहाळ्यात नळी घालावी तशी ती पानाच्या पेशीत बारीक शोषकं खुपसते आणि आयता रस ओढते. पेशीला मात्र जिवंत ठेवते. पेशी मेली, तर हिचीच उपासमार!

शरीर? गुलाबाच्या पेशीभित्तिका सेल्युलोजच्या, भुरीच्या कायटिनच्या. खेकड्याच्या आणि झुरळाच्या कवचातही कायटिनच असतं. गुलाब स्टार्च साठवतो, तर बुरशी ग्लायकोजेन. तेच आपल्या यकृतातही असतं!

वंशवाढ? गुलाब फुलतो, मधमाश्यांना बोलावतो, बिया धरतो. भुरीला ना फूल, ना बी. तिच्या उभ्या धाग्यांवर बीजाणूंच्या माळा धरतात. वारा आला की निघाले बीजाणू पुढच्या पानावर! गंमत म्हणजे, पानावर पाणी साचलं तर ते नीट रुजत नाहीत.

पूर्वी बुरशीला वनस्पतींतच मोजत. १९६९ साली शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटाकर यांनी सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या, त्यात बुरशींची सृष्टी वेगळी ठेवली. पुढे जनुकं ताडून पाहिल्यावर कळलं, की बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांची, म्हणजे तुमची-आमची, जवळची नातलग आहे!

नाशिकचे द्राक्षबागायतदारही भुरीशी झुंजतात, तिच्यावर गंधक मारतात. पण द्राक्षावरची भुरी ही वेगळी बुरशी. तिला गुलाबाचं पान चालत नाही.

तुमच्या गुलाबावर पिठी दिसली, तर आधी भिंगातून पाहा. मग ते पान खुडून कचऱ्यात टाका, आणि हात धुवायला विसरू नका!