पारधी जमात व मानवी हक्क

पारधी ही महाराष्ट्रातील एक विमुक्त जमात. शिकारीवर उपजीविका करणाऱ्या या जमातीस ब्रिटिश अमदानीत कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविण्यात आले. तो कायदा रद्द झाल्यावरही त्याने रुजविलेला संशय टिकून राहिला आणि त्यातून व्यक्तिस्वातंत्र्य, निवारा, शिक्षण व नागरिकत्वाचे पुरावे यांसंबंधीचे प्रश्न उद्‌भवले. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांतील पारधी वस्त्यांचे प्रश्नही याच स्वरूपाचे आहेत.

‘पारध’ म्हणजे शिकार. त्यावरून जमातीचे नाव पडले. फासेपारधी, गावपारधी, राजपारधी, टाकणकार इ. तिचे पोटभेद होत. त्यांच्या बोलीचे गुजरातीशी जवळचे नाते आहे. फासे लावून ससे, तितर, लावे, हरणे पकडणे व गावोगावी पाल ठोकून राहणे, ही फासेपारध्यांची जुनी जीवनपद्धती. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीवर बंदी आल्याने हा व्यवसाय बेकायदेशीर ठरला. मात्र त्याच्या जागी दुसरा व्यवसाय मिळाला नाही. पिकांची राखण व शेतमजुरी यांवर अनेक कुटुंबांना अवलंबून राहावे लागले.

गुन्हेगार जमाती कायदा १८७१ साली प्रथम उत्तर भारतात लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली व १९२४ मध्ये तो एकत्रित स्वरूपात पुन्हा करण्यात आला. या कायद्यान्वये जमातीतील व्यक्तींची नोंद करणे, बोटांचे ठसे घेणे, ठरावीक वेळी हजेरी देण्यास भाग पाडणे आणि परवान्याशिवाय गाव सोडण्यास मनाई करणे, असे अधिकार शासनास मिळाले. सोलापूर येथे तारेच्या कुंपणाची वसाहत उभारून कैकाडी, भामटा, पारधी इ. जमातींच्या लोकांना तेथे ठेवण्यात आले. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये, तर देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. हा दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. पुढे १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. तो जमातीला नव्हे, तर व्यक्तीला उद्देशून असला, तरी व्यवहारात संशयाची सुई जुन्याच जमातींकडे वळते, अशी टीका झाली. संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीने २००७ मध्ये असे कायदे रद्द करावेत, अशी सूचना भारतास केली.

शिरूर तालुका घोड व भीमा, तर दौंड तालुका भीमा नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात कालव्यांमुळे ऊस व साखर कारखाने, तर पुढे रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती आल्या. जमिनीला भाव चढला. गायरानावर किंवा पडीक जागेत पाल टाकणाऱ्या कुटुंबास अशा प्रदेशात स्थिर होणे कठीण जाते. राज्य शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची काही अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. तथापि त्यासाठी ताब्याचा पुरावा लागतो आणि सतत हुसकावल्या जाणाऱ्या माणसाजवळ नेमका तोच नसतो.

येथे एक दुष्टचक्र निर्माण होते. कायम पत्ता नसल्याने शिधापत्रिका मिळत नाही. पारधी अनुसूचित जमातींत समाविष्ट असले, तरी दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. भटक्या कुटुंबाकडे तो क्वचितच असतो. दाखल्याअभावी शिक्षण व घरकुल यांच्या सवलती दुरावतात. परिसरात चोरी झाली, की प्रथम संशय पालावर जातो. अटक झालेल्यास मालमत्ता असलेला जामीनदार मिळत नाही आणि जामीन मंजूर होऊनही तो तुरुंगात राहतो. मिळवता माणूस गेल्याने कुटुंब अधिकच निराधार होते.

या परिस्थितीत मानवी हक्कांचा पुरस्कार करणाऱ्या कार्यकर्त्यांचे काम बरेचसे कायद्यातील तरतुदी प्रत्यक्षात उतरविण्याचे असते. अटकेची कारणे सांगणे व २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, हे संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने बंधनकारक आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा तिला संरक्षण देतो. मराठवाड्यात एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियान उभे केले. गिरीश प्रभुणे यांनी यमगरवाडी (ता. तुळजापूर) येथील प्रकल्पाद्वारे पारधी मुलांच्या शिक्षणावर भर दिला. शिरूर परिसरातील कार्यकर्त्या सुनीता भोसले यांच्या ‘विंचवाचं तेल’ या आत्मकथनात या समाजातील स्त्रीचे जीवन व संघर्ष यांचे चित्रण आहे. स्त्रियांच्या बाबतीत जातपंचायतीचा जाच हाही हक्कांचाच प्रश्न ठरतो; सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा संमत केला.

न्यायालयांनीही या प्रश्नाची दखल घेतली आहे. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका गुन्ह्यात फाशी सुनावलेल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्दोष मुक्त केले व प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयात त्याच न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदमूलक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये, तर भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर या जमातींविषयी अहवाल सादर केले. जन्मावरून गुन्हेगार ठरविणारा कायदा संपुष्टात आला आहे. जन्मावरून घेतला जाणारा संशय संपेल, तेव्हाच ती विमुक्ती पूर्ण होईल.