सेट, कलेक्शन की बॅच?

वस्तूंच्या समूहासाठी इंग्रजीत अनेक नामे आहेत. त्यांची निवड वस्तूंच्या संख्येपेक्षा त्या एकत्र कशा आल्या यावर अधिक अवलंबून असते.

ज्या वस्तू परस्परांना पूरक असतात, त्यांचा ‘सेट’ होतो. बुद्धिबळाच्या 32 मोहऱ्यांतील एक उंट हरवला, की सेट अपुरा ठरतो. ‘कलेक्शन’ मात्र कोणीतरी आवडीने जमवलेले असते, त्यामुळे त्याला पूर्णत्वाची अट नसते: पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांमध्ये एखादा कमी असता, तरी ते कलेक्शनच राहिले असते. दुकानदार नव्या साड्यांनाही कलेक्शन म्हणतात, तो निव्वळ जाहिरातीचा थाट.

एकाच वेळी, एकाच प्रक्रियेतून तयार झालेला माल म्हणजे ‘बॅच’. औषधाच्या पट्टीवर तिचा क्रमांक छापलेला असतो, कारण दोष आढळल्यास नेमका तेवढाच माल परत मागवता येतो.

‘सिरीज’ला क्रम लागतो. ‘बंच’ हे नाम केळ्यांना किंवा कडीतल्या किल्ल्यांना शोभते. औपचारिक अहवालात कारणांना ते लावणे सैलपणाचे होय.